म्हाळसाबाईचा घण

समोर नवराबायको बसलेली, मागं ताजमहालाचा पडदा, दोन्ही दिवे पेटलेले, फोकस जुळलेला, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शब्द तरी किती, दोन. इकडं बघा. अठरा वर्षं दौंडच्या स्टेशनरोडला स्टुडिओ चालवतोय, दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे दोन शब्द तोंडातून जातातच, आपण बोललो हेसुद्धा ध्यानात राहत नाही. आणि त्या दिवशी ते घशात आडवे बसले. नवरा कचेरीतला कारकून, अंगात नवा कोरा बुशशर्ट, बायकोच्या हातावर अजून लग्नाची मेंदी. दोघं श्वास रोखून माझ्या हुकमाची वाट बघतायत. "मास्तर, घ्या की," कारकून म्हणाला. मी खाकरलो. "हां," म्हणालो, "आता..." आणि पुढं काही नाहीच. कॅमेऱ्यात मान घालून नुसता उभा. मग नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं नवऱ्याकडं, आणि मी घाईघाईत बटण दाबलं. "अहो, हालता कशाला?" वर मीच खेकसलो. चूक कोणाची आणि ओरडतोय कोण! पोरगी बिचारी कावरीबावरी झाली. तीन आठवडे माझं हे असंच चाललं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं मास्तरांचा घसा धरलाय. चांगुणा, माझी बायको, रोज रात्री मिठाच्या गुळण्या करायला लावायची आणि मी मुकाट करायचो.

घशाला काय झालं नव्हतं. सवय होती, तिला झालं होतं. मला धंदा शिकवला तो एका म्हाताऱ्या उस्तादानं, लष्करातल्या साहेबांचे फोटो काढून काढून तो दौंडात उरला होता. तो म्हणायचा, माणूस खुर्चीत बसला की त्याला स्वतःचे डोळे कुठं ठेवावेत ते समजत नाही, ते तू सांगायचं. मला ते पटलं, कारण घरी तेच बघितलं होतं. आमचे आबा रेल्वेच्या शेडात खलाशी. हातोड्यांच्या आवाजानं त्यांचे कान पार गेलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी समोर जाऊन उभं राहायचं, खांदा हलवायचा, त्यांनी नजर दिली की मग बोलायचं. नजर दिली नाही तर आपण तिथं नाहीच. त्यामुळं कोणी माझ्याकडं बघत नसलं की मला अजूनही चैन पडत नाही, हे खरं. एकदा तर कहर झाला. एका म्हाताऱ्याचं मयत खुर्चीत टेकवून बसवलेलं, मागं घरची सगळी मंडळी रडतायत, शेवटचा फोटो घ्यायचा. मी फोकस जुळवला आणि म्हणालो, "आबा, इकडं बघा." रडणारी माणसं गपकन गप्प झाली. एक सून हसलीसुद्धा, पदर तोंडात कोंबून. त्या दिवशी मी स्वतःला दोन थोबाडीत मारून घ्यायला हव्या होत्या, पण मी ती गंमत म्हणून सांगत फिरलो. चहाच्या हॉटेलात, लग्नांत, सगळीकडं.

मग पुण्याचे ते साहेब आले. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. त्यांना शिरूर आणि दौंडकडच्या कारागिरांचं प्रदर्शन भरवायचं होतं, बुरूड, कुंभार, कासार, लोहार, जो तो आपापल्या जागी, आपापल्या कामात. साहेब बोलायला गोड पण एका गोष्टीवर ठाम. "कॅमेऱ्याकडं एकालाही बघू द्यायचं नाही," म्हणाले, "तुम्ही तिथं नाहीच असं समजा." म्हणजे माझ्या नेमक्या दुखण्यावर बोट. शिरूरच्या कुंभारानं फोटो म्हणून लग्नातला कोट घालून चाकावर बसायची तयारी केली, तो काढायला लावताना माझा अर्धा दिवस गेला. एक बुरूडीण मात्र झकास भेटली, तिनं मान वर केलीच नाही, म्हणाली, "मला काय बघताय, टोपलीला बघा." मी मात्र कसा राहू? तोंड उघडू नये म्हणून दाढेखाली लवंग धरून ठेवायचो. जीभ लवंगेशी खेळत राहायची आणि शब्द आत राहायचे. चांगुणा म्हणायची, डबाभर लवंगा कुठं गेल्या? बारा ठिकाणचे फोटो मी लवंगेवर काढले, आणि एकात कोणी माझ्याकडं बघितलं असेल तर शपथ.

तेरावं ठिकाण इनामगाव. म्हस्कू लोहाराची भट्टी, चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा, जवळच चिंच. म्हस्कू बारका, काटक, त्याची बायको म्हाळसाबाई त्याच्यापेक्षा वितभर उंच. घण तिचा. नवरा डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, उजव्या हातातल्या लहान हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवायचा, आणि जिथं टिचकी तिथं पुढच्या क्षणी हिचा घण. टण्, धाप. टण्, धाप. बोलणं नाही, बघणं नाही, तो लोखंड वळवतोय, ही हाणतेय. नुसत्या ऐरणीवर त्यानं दोनदा टिचकी मारली की ही थांबणार. वीस वर्षं असंच चाललंय, म्हस्कूनं मला अभिमानानं सांगितलं. त्या दिवशी गावाजवळ नदीकाठी जुनं काय काय उकरणाऱ्या मंडळींचे टिकाव आले होते, त्यांची टोकं काढायची होती. मी ऐरणीसमोर उकिडवा बसलो. माझ्या यशिका कॅमेऱ्यात वरून बघायचं असतं, खाली मान घालून, काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. म्हाळसाबाईनं घण उचलला, पदर खोचलेला, दंडाचे स्नायू ताठ, नजर लोखंडावर गाडलेली. अठरा वर्षांत असं चित्र माझ्या काचेवर आलं नव्हतं. फक्त म्हस्कूचं तोंड खाली, मुंडाशाच्या सावलीत. एवढं एक तोंड वर असतं तर! लवंग केव्हाच चावून संपली होती. आणि मी म्हणालो. हळूच म्हणालो, पण म्हणालो. इकडं बघा. म्हस्कूनं बघितलं. मी बटण दाबलं. सांडशी बोटभर हलली असेल, जास्त नाही. घण लोखंडावर बसला नाही, ऐरणीच्या कडेवर आपटून घसरला, आणि म्हस्कूच्या डाव्या हातावर गेला.

आरडाओरडा, धूळ, कोणीतरी पाणी आणलं, उकरणाऱ्या मंडळींची जीप आली, म्हस्कूला त्यात घालून शिरूरला नेलं. मीही उचलायला हात लावला, नाही असं नाही. जीप गेली आणि म्हाळसाबाई ऐरणीशी बसली. घण आडवा पडलेला, त्याच्याकडं बघत ती एकच म्हणत होती, "माजा घण चुकला. माजा घण चुकला." बायका समजूत काढत होत्या, व्हतंय एखाद्या टायमाला, आसं नगं करू. मी चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, घण नाही चुकला, मी तुमच्या नवऱ्याला हाक मारली. ते मी बोललो नाही. कॅमेरा पिशवीत घातला, चपला शोधल्या, आणि दौंडच्या एसटीत येऊन बसलो. हाक मारली ती चूक होती म्हणा, सवय होती म्हणा, पण गप्प बसलो ती चूक नव्हती. ते मी जाणूनबुजून केलं.

रोल मी धुतला नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून डार्करूमच्या फळीवर ठेवला. साहेबांना पत्र टाकलं की लोहाराचा फोटो बिघडला. मनाशी वाद घालायचो. काचेवर तर उलटं दिसतं, मग त्यानं बघितलं हे कशावरून? कदाचित माझा आवाज त्याला ऐकूच गेला नसेल, भट्टीच्या आवाजात कोणाला काय ऐकू येतं? कदाचित घण आधीच तिरका आला असेल. खरं काय ते डब्यात होतं, आणि मला ते नको होतं. तीनदा तरी मी डबा घेऊन मागच्या अंगणात गेलो. फिल्म उन्हात ओढून काढली की काम झालं, काळं कुत्रं विचारणार नव्हतं. हातातून झालं नाही. फोटोवाल्याला न धुतलेली फिल्म उन्हात ओढणं जमत नाही, एवढाच माझा मोठेपणा. मग तिसऱ्या आठवड्यात तो कारकून आणि त्याची बायको तोंड फिरवून निघून गेली, आणि मी दिवे मालवतोय तोवर दारात मच्छिंद्र उभा. रेल्वेत गँगमन, मूळचा इनामगावचा, आमच्यातलाच.

"जयभीम, भाऊ."

"जयभीम. ये. गावाकडून आलास?"

"व्हय. म्हस्कू लोहारानं निरोप दिलाय. तुमाला बोलीवलंय. आन् त्यो त्या दिवशीचा फोटू घिऊन या म्हणला."

"हात कसाय त्याचा?"

"हात हाय पलास्टरमधी. दोन बोटं मोडल्याती. हुईल म्हणं बरा." मच्छिंद्र स्टुलावर बसला, पडद्यावरचा ताजमहाल बघत राहिला. "पर भट्टी बंद हाय, भाऊ. पयल्या दिसापास्नं. समदं गाव फाळ घिऊन शिरूरला जातंय."

"का? दुसरा कोणी सांडशी धरेल की."

"सांडशी धरंल वो. घण कोण उचलंल? ती बाई घणाला शिवतच न्हाई."

तो गेला. मी दार लावून घेतलं, डबा काढला. चांगुणानं बाहेरून विचारलं, "आत्ता दुपारचं काय धुताय?" म्हटलं, "लोहार." तिला किती ठाऊक होतं कोण जाणे, अठरा वर्षांत या बाईपासून मी काही लपवलंय असं मला वाटतं, तिला वाटत नसावं. अंधारात फिल्म गुंडाळली. औषध, पाणी, हायपो, पाणी. बाहेर काढून खिडकीशी धरली तेव्हा ओली फिल्म हातात वळवळत होती. नववं चित्र. निगेटिव्हवर माणसं पांढरी आणि आकाश काळं, लोखंड काळं, सगळं उलटं, पण एवढ्या वर्षांच्या सरावानं मला ते सुलटंच दिसतं. घण हवेत, सरळ. म्हाळसाबाईची मान खाली. आणि म्हस्कूचं तोंड वर, थेट माझ्याकडं, तोंडात काळेभोर दात. हसत होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. चला, म्हटलं. झालं एकदाचं. तीन आठवडे ज्याला भ्यालो ते हे होतं, आणि ते तसंच होतं. वाद घालायला जागा उरली नाही याचंच मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मग कागदावर घेतला. लाल दिव्याखाली पाण्यातून ती दोघं वर आली. आणि आता खोटं कशाला बोलू, फोटो झकास आला होता.

सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलो. भीमेचा पूल गेला, पलीकडं कांद्याचे वाफे, पाटाचं पाणी. पाकीट मांडीवर. काय बोलायचं ते मी जुळवत होतो. म्हस्कू मारेल का? मारलं तर एका हातानं मारेल. गावातली चार माणसं जमतील, आणि मी कोण, कुठला, हे आधी निघेल, मग फोटो. गावात कुठवर पुढं जायचं आणि कुठं थांबायचं ते माझ्या पायांना लहानपणापासून कळतं. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्याच पाय फाट्यावर थांबायचं म्हणत होते. एक मन म्हणे, फोटो दे आणि पुढच्या गाडीनं परत फिर, ज्याला दिसायचं त्याला दिसेल. दुसरं म्हणे, बाबा रे, ती बाई तीन आठवडे तुझं ओझं वाहतेय, तू काय टपाल टाकायला चाललायस? शेजारचा म्हातारा विचारत होता, "पावनं, कुठं?" मी म्हणालो, "लोहाराकडं." म्हणाला, "कशाला, ती भट्टी बंद हाय."

भट्टी बंदच होती. राखेत कोंबड्या लोळत होत्या. गावकऱ्यांचे दोन-चार फाळ ऐरणीशी पडून गंजायला लागलेले. म्हस्कू बाजेवर, गळ्यात फडकं बांधून पांढरा हात त्यात टांगलेला. मला बघून तो उठलाच. "या, या भाऊ. बसा. आवो बसा की वर, खाली काय बसताय. त्या दिशी च्याबी न घेता गेलासा." मारायचं दूरच, हा चहाचं बोलतोय. म्हाळसाबाई पलीकडं भिंतीशी, भट्टीकडं पाठ करून मटकी निवडत होती. तिनं मान वळवली नाही. म्हस्कूनं आवाज खाली आणला. "मला त्या येळचं काय बी आठवत न्हाई बगा. डोळ्याम्होरं आंधारी आली, ती थेट दवाखान्यात. पर हिचा घण चुकायचा न्हाई, ह्ये मी ऐरणीवर हात ठिवून सांगीन. तिला सांगतूय तर म्हणती, नवरा हाईस म्हणून सांगतूस. म्हणलं, फोटूला कुणाचं नातं न्हाई. आणलाय का?"

मी पाकीट उघडलं. त्यानं फोटो धोतराला हात पुसून घेतला, बघितला, आणि ओरडलाच. "म्हाळसा! हिकडं ये. घण बघ गं तुजा, वळंब्यात सरळ हाय का न्हाई!" ती उठली. सूप खाली ठेवलं, आली, फोटो घेतला. आधी जवळ धरला, मग लांब. कितीतरी वेळ.

"घण सरळ हाय," ती म्हणाली. तिचं काळं बोट कागदावर सरकलं. "डोळं बी लोखंडावरच हायती माजं." बोट आणखी सरकलं. "आन् ह्यो? ह्यो कुणाकडं बगतूय?"

गाडीत जुळवलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. "माझ्याकडं," मी म्हणालो. "मीच म्हणालो त्यांना, इकडं बघा. म्हणून त्यांनी बघितलं, आणि लोखंड हललं. तुमचा घण चुकला नाही, म्हाळसाबाई. त्या दिवशी तुम्ही चुकला चुकला म्हणत होता तेव्हा मी इथंच उभा होतो. मला ठाऊक होतं. आणि मी गप्प बसलो."

म्हस्कू माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ती मात्र फोटोकडंच बघत होती. "दात काढतूय," ती हळू म्हणाली. मग एकदम आवाज चढला. "दात काढतूय ह्यो! डोस्क्यावर घण आलाय आन् मुडदा दात काढतूय! लगनात तरी हसला हुतास का रं आसा?" म्हस्कू चाचरला, "आता त्येंनीच म्हणलं, हिकडं बगा..." "त्येंनी म्हणलं हिरीत उडी टाक, तर टाकशील?" आणि मग ती माझ्याकडं वळली. "आन् तू रं? तीन आठवडं! तीन आठवडं माज्या घशाखाली घास गेला न्हाई. नवऱ्याचा हात मोडला म्हणून तोंड दावाया जागा न्हाई मला. घणाला हात लावला की हात लटलट कापतूय. आन् तू तिकडं फोटू काढत बसलास! लाज न्हाई वाटली?"

"वाटली."

"वाटली म्हणं! मेल्या, मंग ती दौंडातच का ठिवलीस?"

ती बोलत होती, शेजारच्या बायका दारात येऊन ऐकत होत्या, तुम्हीचं तू केव्हाच झालं होतं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. पाठीवरचं पोतं कोणीतरी धरून खाली घेतल्यावर पाठ आपोआप सरळ होते ना, तसं. रडू येतंय असं वाटलं, पण आलं नाही. मी मान डोलावत होतो, हां, बरोबर, हां. तिला आणखी राग येत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूकही लागली होती. मग ती मधेच थांबली, म्हणजे शिव्या संपल्या म्हणून नव्हे. तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरले, उलटे सुलटे करून बघितले. कापत नव्हते. तिलाच खरं वाटेना. पदर कमरेला खोचत ती भट्टीकडं गेली, कोंबड्या हाकलल्या, राख उकरली. "कोळसा घाल," नवऱ्याला म्हणाली. त्यानं चांगल्या हातानं कोळसा घातला, भाता धरला. गंजलेला फाळ लाल व्हायला वेळ लागला. लाल होऊन पिवळा झाला तेव्हा तिनं सांडशी माझ्यापुढं धरली.

"धर."

"मी?"

"मंग काय पलास्टरला सांगू? धर म्हणते न्हवं. आन् नजर लोखंडावर. माज्याकडं न्हाई, त्याच्याकडं न्हाई. कुणी हाक मारली तरी न्हाई."

मी सांडशी धरली. आयुष्यात प्रथम मी ऐरणीच्या त्या बाजूला बसलो होतो. चेहऱ्याला आच लागत होती. माझी बोटं, दिवस दिवस औषधात बुडून पांढरी पडलेली, सांडशीच्या दांडीवर आवळलेली, ऐरणीपासून हातभर अंतरावर. म्हस्कू उजव्या हातात लहान हातोडी घेऊन माझ्या शेजारी टेकला. वर घण उचलल्याचा आवाज आला, म्हणजे बांगड्या कोपराकडं घसरल्याचा. मी वर बघितलं नाही. टण्, म्हस्कूनं जागा दाखवली. आणि घण पडला, नेमका तिथं. मनगटातून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, दाताला दात लागले, लोखंड एका बाजूला चपटं झालं. पुन्हा टण्. पुन्हा धाप. दारातल्या बायकांपैकी कोणीतरी "आगं बाई" म्हणाली. म्हस्कू "वळीव, वळीव" म्हणत होता आणि मी वळवत होतो, वाकडंतिकडं का होईना. पाचवा की सहावा घाव पडला तेव्हा मला कळलं की मी मघापासून मोठमोठ्यानं हसतोय.

"हासू नगं," वरून म्हाळसाबाई म्हणाली, "लोखंड हालतंय."